नवं चित्र येईपर्यंत

संघपाल बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. त्याच्या कानापाशी बघतो, किंवा खांद्यावरून पलीकडे. नव्या माणसाला वाटतं, याला आपली किंमत नाही. बालानगरच्या कारखान्यातले लोक म्हणायचे, टेस्टिंगच्या खुर्चीत बसला आणि अकड आली. "नजर इच नै मिलाता."

खरं असं आहे की तो बाजूला बघतो तेव्हाच त्याला समोरचा दिसतो. सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग येतो. डाग मधोमध असतो. कडा शिल्लक आहेत. त्या कडांनी तो बघतो.

आम्ही कोठीच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. दहावीनंतर तो इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेला. मी मराठी घेऊन एम.ए. केलं. आता नारायणगुड्यात मुलांना शिकवतो. त्याचे वडील, निवृत्तीकाका, देगलूरकडचे. टपाल खात्यात होते. नामपल्ली स्टेशनाजवळ पत्त्यांप्रमाणे पत्रं वेगळी करायचे. उर्दू, तेलुगू, मराठी, इंग्रजी, चार लिप्यांतले पत्ते वाचण्यात त्यांची नोकरी गेली. पावसात भिजून शाई पसरलेला पत्ता दुसऱ्या कुणाला लागला नाही की त्यांच्याकडे यायचा. ते म्हणायचे, आमच्या घरात डोळ्यांनी अन्न दिलं.

म्हणून घरी सांगणं संघपालला जमलं नाही.

मला कळलं ते कोठीच्या दवाखान्यात. त्याने मला सोबत नेलं होतं, कारण डोळ्यांत औषध घातल्यावर रस्ता ओलांडता येणार नव्हता. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो लावला. मधल्या जागेवर पेन टेकवून त्या बोलत होत्या. चष्म्याने फरक पडणार नाही. औषध नाही. पूर्ण अंधार होणार नाही, कडेची नजर राहील. मधली जाईल.

"किती जाईल?" संघपालने विचारलं.

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं. काम काय करता?"

"मशीनवर एक रेघ बघतो."

डॉक्टरबाईंनी फोटोवरचं पेन काढलं. "ती मोठी करून बघता येईल का?"

बाहेर आलो. फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग होते. त्याने एक पुस्तक उचललं, नाकाशी धरलं, मान वाकडी केली आणि पुन्हा ठेवून दिलं. दुकानवाला म्हणाला, "सूंघके लेते क्या किताब?" संघपाल हसला. मग मला म्हणाला, "घरी बोलू नको. कारखान्यात तर कुणालाच नको. त्या खुर्चीतून उठवलं तर मला दुसरीकडे कोण बसवणार?"

मी नाही बोललो.

ती खुर्ची काय होती ते सांगायला हवं. त्या कारखान्यात एक्स-रे यंत्रांना वीज पुरवणारी युनिट बनतात. ट्रंकेएवढं लोखंडी खोकं, आत मोठे कपॅसिटर. युनिट बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. हळूहळू उतरते. ती उतरेपर्यंत आत हात घालायचा नसतो. संघपाल युनिट चालवून बघायचा, मग बंद करायचा. शेजारी ऑसिलोस्कोप असायचा. सगळे त्याला स्कोप म्हणतात. त्याच्या वहीएवढ्या पडद्यावर विजेची रेघ दिसते. रेघ उतरत उतरत तळाला टेकली की संघपाल आवाज द्यायचा, "झीरो." मग यादगिरी पुढे यायचा.

यादगिरी पन्नाशीचा फिटर. महबूबनगरकडचा. संघपालला तम्मुडू म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. झीरो म्हटल्यावर तो भिंतीवरची काठी घ्यायचा. काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा आणि मागे जमिनीत गेलेली वायर. आत काही उरलं असेल तर काठी ओढून घेते. आधी काठी, मग हात. भिंतीवर तेलुगूत आणि इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं.

डब्यात भाकरी असली की तो अर्धी संघपालच्या डब्यात टाकायचा आणि लग्नाचा विषय काढायचा.

"लडकी देखने जाएगा तो उसका भी कान इच देखेगा क्या तम्मुडू?"

"कान अच्छे रहना अन्ना."

"हौ. झुमके का खर्चा तो बचना नै."

संघपाल मला हे सगळं हसत सांगायचा. यादगिरीला त्याच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. कारखान्यात कुणालाच नव्हतं.

पण रेघ पुसट होत चालली होती. तो स्कोपवर इतका वाकायचा की कपाळ काचेला लागायचं. पहिल्या पाळीच्या सुपरवायझरने एकदा विचारलं, झोप येते का. त्या आठवड्यात त्याने मला फोन केला. रविवारी कारखान्यात येशील का? कारखाना बंद असतो, वॉचमन ओळखीचा आहे. बारीक अक्षरं वाचून दाखवायला कुणीतरी पाहिजे.

मी गेलो. त्याने कॅन्टीनमधला मोठा टीव्ही आणून टेबलावर ठेवला होता. स्कोपच्या पाठीमागे नेटवर्कची वायर लावायची जागा असते. त्या वायरीने स्कोप लॅपटॉपला जोडला. मग त्याने मला समजावून सांगितलं. लॅपटॉपवरून स्कोपला विचारता येतं, आत्ता तुझ्या पडद्यावर काय आहे त्याचं चित्र दे. तो देतो. ते चित्र मोठं करून टीव्हीवर लावायचं. लगेच पुढचं मागायचं. पुन्हा लावायचं. असं सतत चालू ठेवलं की स्कोपमधली रेघ भिंतीएवढी दिसेल. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत पानभर सूचना लिहायच्या, एवढी स्क्रिप्ट पुरते.

तो सांगत गेला, मी टाइप केलं. चुकलं की लॅपटॉप बारीक इंग्रजीत तक्रार करायचा. मी ती वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, अमुक ओळीत कंस राहिलाय. बहुतेक वेळा राहिलेला असायचा.

दुपारनंतर पहिलं चित्र आलं. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ, माझ्या मनगटाएवढी जाड. संघपाल टीव्हीच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून उभा होता. म्हणजे तो रेघ बघत होता.

"दिसते," तो म्हणाला.

मग टीव्ही पूर्ण बंद पडल्यासारखा झाला आणि पुन्हा लागला. पुढचं चित्र. पुन्हा बंद. प्रत्येक चित्राच्या आधी पडदा पुसला जात होता. संघपालने डोळ्यांवर हात धरला.

"हे नको. अंधारातून उजेडात आलं की मला कितीतरी वेळ काहीच दिसत नाही. नवं येईपर्यंत जुनं पुसायचं नाही."

त्याने दोन ओळी बदलायला सांगितल्या. पडदा स्थिर झाला. एका चित्रावर दुसरं अलगद यायला लागलं.

"आणि नवं आलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर परत मागेल. मागतच राहील."

"तोवर?"

"तोवर जुनं राहू दे. मध्येच एखादं चित्र चुकतं, चालायचंच. तेवढ्यासाठी पडदा गेला तर मी तिथेच आंधळा."

चित्र चुकलं की तशी एक ओळ पडद्यावरच्या मागच्या खिडकीत उमटायची. टीव्हीवरच्या मोठ्या चित्राआड ती खिडकी झाकलेली असे. अक्षरं बारीक होती.

मला ते वाक्य आवडलं होतं. नवं येईपर्यंत जुनं पुसायचं नाही. बसमध्ये येताना मी ते मनात म्हणत होतो.

सोमवारी मालक येऊन टीव्हीसमोर उभा राहिला. हे कशासाठी, म्हणाला. संघपालने सांगितलं, सर, सगळ्यांना दिसावं म्हणून. ते खोटं नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं. दारातून, चहाच्या टेबलावरून, कुठूनही. मालक खूश झाला. गिऱ्हाइकं आली की त्यांना आधी तिथे आणायला लागला. आमच्याकडे सगळं लाइव्ह असतं, असं सांगायचा. संघपालला त्याने सर्वांसमोर शाबासकी दिली. निवृत्तीकाकांनी मला ते दोनदा सांगितलं.

आणि काठी भिंतीवर राहायला लागली. असं कुणी ठरवलं नाही. रेघ तळाला टेकलेली सगळ्यांना दिसायची. यादगिरी स्वतः टीव्हीकडे बघायचा आणि संघपालच्या आधी म्हणायचा, "झीरो है तम्मुडू." मग काठीपर्यंत कोण जाणार? युनिट जास्त निघायला लागली. मालकाने काठीबद्दल विचारलं नाही.

ते दिवस त्याचे बरे गेले. तो मेट्रोने जायचा. मोटरसायकल विकली, पाठ दुखते, म्हणाला. स्टेशनांची नावं ऐकून उतरायचा. कामातही कानांवर भिस्त ठेवायला लागला. युनिट चालू झालं की त्यातून घूं असा आवाज येतो, बंद केलं की थांबतो. त्या आवाजावरून त्याला युनिटची तब्येत कळायची. रेघ बघायची ती फक्त शेवटी, झीरोसाठी.

घरी संघपालच्या आईला, विठाबाई मावशींना, काहीतरी वेगळं वाटत होतं. एकदा मी जेवायला होतो.

"कामून रे ताट असं तोंडाशी धरतोस?"

"वास घेतो आई."

"दादाला भाजी नको असते, नुसता वास पाहिजे," त्याची बहीण रेणुका म्हणाली. "मग माझ्याकडे दे ती वांगी."

"वांगी नाहीत ती, बटाटे आहेत," मावशी म्हणाल्या.

"मला माहीत आहे, आई. दादाला माहीत आहे का बघत होते."

सगळे हसले. संघपालही हसला. रेणुका पूर्ण हसली नाही.

दसऱ्याला कारखान्यात आयुधपूजा असते. सगळे आपापलं यंत्र पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. दारात कोहळा फोडतात. संघपाल त्या दिवशी जात नसे. त्याच्या घरचे पांढरे कपडे घालून विहारात जातात. त्या दसऱ्याला विहारातून आल्यावर त्यांनी मला खिरीला बोलावलं होतं. आम्ही बसलो होतो तेवढ्यात यादगिरीचा फोन आला. संघपालने स्पीकर लावला.

"तम्मुडू, तेरे स्कोप कू मैं इच पोंछा. पीछे तक. क्या धूल थी रे. बंती फूल का हार भी बांध दिया मस्त."

"अन्ना, हमारे में पूजा नै करते."

"तेरे में नै करते, मशीन में तो करते ना. उसकू क्या मालूम तू कौन है."

निवृत्तीकाका मोठ्याने हसले. "बरोबर बोलला गडी," म्हणाले. मावशींनी पलीकडून विचारलं, त्यांना खीर पाठवू का. संघपालने फोनवर खिरीचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. संघपालने सांगितलं तसं लिहितो. त्याने ते बऱ्याच वेळा सांगितलं, दर वेळी तेच आणि त्याच शब्दांत.

सकाळी पहिलं युनिट नीट झालं. टीव्हीवर रेघ चढली, थांबली, बंद केल्यावर उतरली, टेकली. झीरो. यादगिरीने वायरी काढल्या. दुसरं युनिट लावलं. संघपालने चालू केलं. घूं आवाज आला. त्याच वेळी मालक दसऱ्याच्या मिठाईचा डबा घेऊन आला. प्रत्येकाला हाताने देत होता. संघपालने खिरीचा डबा उघडला. यादगिरीने बोटाने चाखली आणि म्हणाला, "अम्मा कू बोल, इस तम्मुडू कू छोड, मेरे कू गोद ले." सगळे हसत होते. कुणाचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं. मालक गेला. संघपालने युनिट बंद केलं. आवाज थांबला. त्याने मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. रेघ तळाशी होती.

"झीरो क्या तम्मुडू?"

"हौ अन्ना, झीरो."

यादगिरीनेही पाहिलं. त्यालाही दिसली, हिरवी, जाड, तळाला टेकलेली. त्याने आत हात घातला.

संघपाल म्हणतो, आवाज मोठा नव्हता. स्टूल पडल्याचा आवाज त्याहून मोठा होता.

ती रेघ पहिल्या युनिटची होती. स्कोपमागची वायर अर्धी निघाली होती. पुसताना तिला अडकवून ठेवणारी कडी तुटली असावी. हाराचा दोरा तिच्याभोवतीच गुंडाळून बांधलेला होता. झेंडू सुकून जड झाला असेल किंवा कुणाचा धक्का लागला असेल. वायर सुटली आणि चित्रं यायची थांबली. स्क्रिप्ट मागत राहिली. मागच्या खिडकीत बारीक अक्षरांच्या ओळींवर ओळी साठल्या. टीव्हीवर जुनं चित्र राहिलं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात स्कोपचं घड्याळ असतं. ते थांबलेलं होतं. एवढ्या बारीक आकड्यांकडे बघायची कुणाला सवय नव्हती. आणि स्कोपच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर, संघपालच्या कोपरापाशी, खरी रेघ वर होती. पूर्ण वर.

यादगिरी वाचला. उजवा तळहात भाजून आत गेला. अंगठा आणि शेजारचं बोट वळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वळणार नाहीत. फिटर त्याच दोन बोटांत स्क्रू धरतो.

चार दिवसांनी मालकाने संघपालला केबिनमध्ये बोलावलं. तो ओरडला नाही. त्याने दार लावून घेतलं आणि पाणी दिलं. म्हणाला, टीव्ही अडकला हे मला कळलं. पण स्कोप तुझ्या हाताशी होता. त्याच्यावर रेघ दिसत होती, सुपरवायझरने लगेच फोटो काढलाय. तू शेजारी बसून बघितलं कसं नाहीस?

संघपाल पाणी प्यायला.

मग मालकाने स्वतःच वाट काढून दिली. म्हणाला, चुका होतात. तू कामाचा माणूस आहेस, मला तुला घालवायचं नाही. नियम भिंतीवर लिहिलेला आहे, आधी काठी, मग हात. यादगिरीने काठी लावली नाही. तू फक्त एवढं लिहून दे, की काठी लाव असं तू त्याला सांगितलं होतंस. विषय संपला. उद्यापासून खुर्चीत बस.

संघपाल मला म्हणाला, "मी ते लिहायला तयार झालो होतो, विकास. पेन घेतलं होतं. कागद समोर ठेवला त्यांनी. कागदावर सही कुठे करायची ते त्यांनी बोटाने दाखवलं. मला ते बोट दिसलं नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, सर, मी काठीचं काही सांगितलं नव्हतं. आणि मला स्कोपचा पडदा दिसत नाही. तुमचं बोटही दिसत नाही.

"केव्हापासून?"

"टीव्ही लावायच्या आधीपासून."

मालकाने कागद परत ओढून घेतला. मग म्हणाला, म्हणजे तो टीव्ही तू तुझ्यासाठी लावला होतास. आणि मी गिऱ्हाइकांना दाखवत होतो.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर निदान यादगिरीचं तरी काही होईल. तसं झालं नाही. कारखान्याच्या वकिलाने दोघांचीही बाजू लिहून काढली. एकाने आजार लपवला. दुसऱ्याने काठी लावली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मधून कारखाना सुटला. संघपालला त्याच आठवड्यात काढलं. यादगिरीला हात बरा होईपर्यंत घरी थांब म्हणाले. हात बरा होणार नाही हे त्यांना माहीत होतं.

घरी आता सांगावंच लागलं. मी तिथे होतो. मावशी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि उठून शेगडीकडे गेल्या. गॅस लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. निवृत्तीकाकांनी कपाटातून त्यांचं जुनं भिंग काढलं. पुसट पत्त्यांसाठी वापरायचे ते. धोतराच्या सोग्याने पुसलं आणि संघपालच्या हातात दिलं. संघपालने ते डोळ्याला लावून पाहिलं. मग परत दिलं.

"डाग पण मोठा होतो बाबा."

काका भिंग हातात घेऊन बसले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे यादगिरीकडे गेलो. जगद्गिरीगुट्ट्याला चढावर दोन खोल्या. मी हात धरून त्याला पायऱ्या चढवल्या. यादगिरी पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. हात उशीवर ठेवला होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मुलगी आत अभ्यास करत होती, तिने दार ओढून घेतलं.

संघपाल खाली बसला. म्हणाला, "अन्ना, मेरे कू आंख से नै दिखता. बीच का नै दिखता. बहुत दिन से."

यादगिरीला हे कारखान्यातून कळलं होतं. तो म्हणाला, "सब कू बोला, साब कू बोला. मेरे कू कैकू नै बोला तम्मुडू? एक बार बोलता तो मैं डंडा लेता था. तेरे वास्ते लेता था."

"गलती हो गई अन्ना."

"मेरे कू देखके बोल."

"देख इच रहा हूं."

"नै. कान देख रहा तू."

संघपालने मान सरळ केली. यादगिरीच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. मला माहीत होतं, आता त्याला समोर काहीच दिसत नाही. तो तसाच, त्या डागाकडे बघत म्हणाला, "गलती हो गई."

यादगिरी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"जाओ," तो म्हणाला. तम्मुडू म्हणाला नाही.

बायकोने ग्लास उचलले. आम्ही उतरलो. रिक्षात संघपालने मला विचारलं, "शेवटी त्याच्या तोंडावर काय होतं?" मी सांगितलं, त्याने तोंड फिरवलं होतं, मला दिसलं नाही. तो म्हणाला, "माझ्यासमोर त्याचं तोंड येतं ते खीर चाखतानाचं."

त्याने चार-पाच ठिकाणी विचारून पाहिलं. आधीचं काम का सोडलं, हा पहिला प्रश्न. तो खरं सांगतो. दुसरा प्रश्न येत नाही.

कारखान्यात त्याच्या खुर्चीवर आदर्श नावाचा मुलगा बसतो. नांदेडचा आहे, संघपालच्या ओळखीनेच लागला होता. परवा संघपालने त्याला फोन केला. मी शेजारी होतो.

"टीव्ही चालू आहे का रे अजून?"

"हौ दादा. तोच आहे."

"स्क्रिप्ट?"

"तीच. वायर नवी लावली."

"आणि काठी?"

"थोडे दिवस लावली सगळ्यांनी." आदर्शने आवाज खाली आणला. "आता भिंतीवर आहे."

"ऐक. मी स्क्रिप्ट बदलून देतो. एका ओळीचं काम आहे. वायर सुटली तर परत तेच होईल."

"नको दादा. साहेबांनी सांगितलंय, तुमचं काही आत आणायचं नाही. माझी नोकरी जाईल."

संघपालने फोन ठेवला. लॅपटॉप काढ म्हणाला. त्याच्या घरच्या लॅपटॉपवर जुनी स्क्रिप्ट होती. मी उघडली आणि वाचून दाखवली. तो डोळे मिटून ऐकत होता. एका जागी त्याने थांबवलं.

"इथे. चित्र आलं नाही तर काय करायचं लिहिलंय?"

"काही नाही. पुन्हा मागायचं."

"त्याच्या आधी एक ओळ घाल. पडदा काळा कर."

मी घातली. त्याने अक्षर अन् अक्षर परत वाचायला लावलं. मग म्हणाला, चालव.

"इथे स्कोप कुठे आहे?" मी विचारलं.

"तू चालव."

मी चालवली. स्क्रिप्टने चित्र मागितलं. पलीकडे कुणी नव्हतं. पुन्हा मागितलं. रेणुका दारात येऊन उभी राहिली होती. संघपाल लॅपटॉपच्या बाजूला, कपाटाकडे तोंड करून बसला होता.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"काळा."

"कुठे काही उरलंय? कोपऱ्यात?"

"नाही. सगळा काळा."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "चालू राहू दे."